खाजकुइली, सर्पगंधा आणि उंदराची हालचाल

दिवाळी उलटली की खालापूर तालुक्यातल्या शाळांत एक तक्रार ठरलेली असते. मधल्या सुट्टीत कुंपणापलीकडे गेलेली मुले मान आणि हात खाजवत, रडकुंडीला येऊन वर्गात परततात. बहुधा कुणीतरी वर्गमित्राच्या सदऱ्यात शेंगेवरची कुसे टाकलेली असतात. मग कुणी शेण चोळायला सांगतो, कुणी राख. ही सारी करामत खाजकुइलीची. कर्जत-खालापूरच्या पट्ट्यात बांधावर, ओढ्याकाठी, करवंदीच्या जाळ्यांवर हा वेल पसरलेला असतो. पावसाळ्यात तीन-तीन पर्णिकांची हिरवी पाने, त्यानंतर जांभळ्या फुलांचे लोंबते घोस आणि थंडीत सोनेरी-तपकिरी मखमली शेंगा, हे त्याचे वर्षभराचे रूप. कुणी त्याला खाजकुयली म्हणतात, कुणी कुहिली. संस्कृतात त्याची आत्मगुप्ता, कपिकच्छू, मर्कटी अशी नावे आहेत.

दोन वर्षांपूर्वी याच तालुक्यात शिक्षकांच्या एका मेळाव्यात परिसरातील वनस्पतींविषयी बोलण्यासाठी आम्ही गेलो होतो. व्याख्यान संपल्यावर एक निवृत्त मुख्याध्यापक सावकाश पावले टाकत पुढे आले. त्यांचा उजवा हात सतत थरथरत होता. खिशातून त्यांनी दोन वस्तू काढून टेबलावर ठेवल्या, गोळ्यांची एक पट्टी आणि कागदाची एक पुडी.

"डॉक्टर, या गोळीत जे आहे तेच या पुडीत आहे असं सांगतात. ही खाजकुइलीच्या बियांची पूड. आठवडाभर दोन्ही घेतलं. हात सैल झाला खरा, पण संध्याकाळी मान आणि खांदे आपोआप वळवळायला लागले. घरचे घाबरले. आता गोळी घेऊ की पूड?"

आम्ही डॉक्टर खरे, पण रसायनशास्त्रातले. औषध सांगण्याचा आम्हाला अधिकार नाही, हे आम्ही त्यांना प्रथम सांगितले. पण प्रश्न रास्त होता आणि त्यात एक लांबलचक इतिहास दडलेला होता. तो इतिहास बागेतल्या शेंगांपासून सुरू होतो, मुंबईतल्या रुग्णालयांतून जातो आणि त्यातली सर्वांत महत्त्वाची साक्ष प्रयोगशाळेतल्या मुक्या प्राण्यांनी दिलेली आहे.

उत्तर आधी, प्रश्न नंतर

१९१३ साली स्वित्झर्लंडमधील बाझल येथे मार्कुस गुगेनहाइम या रसायनशास्त्रज्ञाने बाकला नावाच्या शेंगभाजीतून एक संयुग शुद्ध स्वरूपात वेगळे केले. त्याच्या लांब रासायनिक नावाचे संक्षिप्त रूप म्हणजे एल-डोपा. हे एक अमिनो आम्ल आहे. बाकल्याच्या शेंगा वाळताना काळ्या पडतात त्याला हेच संयुग कारणीभूत असते. हवेतील ऑक्सिजन आणि शेंगेतील विकर यांच्यामुळे त्याचे काळ्या रंगद्रव्यात रूपांतर होते.

या पदार्थाचा सजीवावर काय परिणाम होतो हे पाहण्यासाठी गुगेनहाइमने तो सशाला दिला. डोळ्यांत भरेल असे काही घडले नाही. मग त्याने स्वतः २.५ ग्रॅम एल-डोपा घेतले. त्याला जोराची मळमळ होऊन उलट्या झाल्या. पदार्थात औषधी गुण विशेष नाहीत, असे मानून प्रकरण तेथेच थांबले.

१९३७ साली मद्रास विद्यापीठातील दामोदरन आणि रामस्वामी यांनी खाजकुइलीच्या बियांतून हेच संयुग वेगळे केले आणि आपला निबंध 'बायोकेमिकल जर्नल'मध्ये छापला. बियांत त्याचे प्रमाण बरेच असते. वेल ते का तयार करतो, याचे उत्तर खूप पुढे, १९७३ साली मिळाले. बियांतील एल-डोपा किडींना बाधते, म्हणजे ते बीजाचे संरक्षक कवच आहे. शेंगेवरची कुसे हे बाहेरचे कुंपण आणि एल-डोपा हे आतले. कुसांमधली खाज मात्र एल-डोपामुळे येत नाही. ती म्युक्युनेन नावाच्या प्रथिनभेदी विकरामुळे येते, हे १९५५ मध्ये शेली आणि आर्थर या अमेरिकेतील संशोधकांनी दाखवले.

१९३८ मध्ये जर्मनीतील पीटर होल्ट्झ यांना प्राण्यांच्या शरीरात एक विकर सापडले. ते एल-डोपाचे डोपामीन या पदार्थात रूपांतर करते. पण डोपामीनला तेव्हा स्वतंत्र महत्त्व कुणी देत नव्हते. ते नॉरअॅड्रिनॅलिन तयार होण्याच्या वाटेवरचा केवळ एक टप्पा समजले जाई. थोडक्यात, संयुग बाटलीत होते, विकर माहीत होते, वेल तर आपल्या बांधावरच होता. पण यातून कोणता प्रश्न सुटणार आहे, हे कुणालाच ठाऊक नव्हते. तो प्रश्न एका वेगळ्याच वनस्पतीने उभा केला.

सर्पगंधेची वाट

सर्पगंधा ही सह्याद्रीच्या जंगलातही आढळणारी, पण आता फार विरळ झालेली वनस्पती. तिच्या मुळ्या वेड, निद्रानाश आणि सर्पदंश यांवर शतकानुशतके वापरल्या जात. १९३१ साली दिल्लीत सलीमुझ्झमान सिद्दिकी आणि रफत हुसेन सिद्दिकी यांनी तिच्या मुळ्यांतून काही अल्कलॉइडे वेगळी केली. त्यांपैकी एकाला त्यांनी हकीम अजमल खान यांच्या स्मरणार्थ अजमलीन असे नाव दिले. त्याच वर्षी कलकत्त्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी सर्पगंधेने रक्तदाब उतरतो आणि मनोरुग्ण शांत होतात, असे नोंदवले.

पुढचे पाऊल मुंबईत पडले. के. ई. एम. रुग्णालयातील हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांवरील आपले निष्कर्ष १९४९ साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये प्रसिद्ध केले. औषधापूर्वीचा आणि नंतरचा रक्तदाब त्यांनी नियमितपणे मोजून मांडला होता. त्या आकड्यांमुळे पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष सर्पगंधेकडे वळले. १९५७ मध्ये डॉ. वकील यांना अमेरिकेतील लास्कर पुरस्कार मिळाला.

१९५२ साली बाझल येथील सिबा कंपनीत म्युलर, श्लिटलर आणि बाइन यांनी सर्पगंधेतील गुणकारी अल्कलॉइड शुद्ध स्वरूपात मिळवले. तेच रिसर्पिन. त्याच्या शोधात हूगो बाइन यांनी प्राण्यांच्या वागण्याचा मापकासारखा उपयोग केला. मुळीच्या अर्काचे भाग पाडायचे आणि ज्या भागाने प्राणी शांत होतात त्या भागाचा माग काढायचा, अशी ती रीत होती. थोड्याच वर्षांत रिसर्पिन रक्तदाबासाठी आणि मनोविकारांसाठी जगभर वापरले जाऊ लागले. मग काही रुग्णांत अनपेक्षित लक्षणे दिसू लागली. हात थरथरणे, अंग ताठरणे, चेहरा भावहीन होणे. जेम्स पार्किन्सन या इंग्रज वैद्याने १८१७ साली वर्णन केलेल्या कंपवाताशी ही लक्षणे हुबेहूब जुळत होती.

निपचित प्राणी उठले

रिसर्पिन दिलेला उंदीर कसा दिसतो? एरवी पिंजऱ्यात सतत हुंगत फिरणारा हा प्राणी पाठीला कुबड काढून कोपऱ्यात बसतो. पापण्या अर्ध्या मिटतात, अंग ताठरते. त्याला ढकलले तर एखादे पाऊल टाकतो आणि पुन्हा थांबतो. तो झोपलेला नसतो आणि त्याचे स्नायूही लुळे पडलेले नसतात. हालचाल सुरू करण्याची क्षमताच जणू हरवलेली असते.

याचे कारण मेंदूच्या रसायनांत आहे. चेतापेशी एकमेकींना निरोप देताना काही रासायनिक पदार्थ सोडतात. हे पदार्थ पेशीच्या टोकाशी सूक्ष्म पिशव्यांत साठवलेले असतात. रिसर्पिन या पिशव्या भरण्याची यंत्रणा बंद पाडते. मग बाहेर राहिलेला साठा विकरांच्या तावडीत सापडून नष्ट होतो. १९५५ मध्ये अमेरिकेत प्लेचर, शोर आणि ब्रॉडी यांनी दाखवले की रिसर्पिनमुळे सशाच्या मेंदूतील सेरोटोनिन कमी होते. त्यामुळे प्राणी निपचित पडण्याचे कारण सेरोटोनिनचा अभाव हेच असावे, असा तर्क पुढे आला.

स्वीडनमधील आर्विद कार्लसन यांनी हा तर्क एका साध्या प्रयोगाने तपासला. पदार्थ कमी पडल्याने प्राणी निपचित होत असेल, तर तो पदार्थ परत दिल्यावर प्राणी उठला पाहिजे. सेरोटोनिन आणि डोपामीन रक्तातून मेंदूत शिरू शकत नाहीत, पण ज्यांपासून ते बनतात ते पदार्थ शिरू शकतात. १९५७ साली कार्लसन, लिंडक्विस्ट आणि मॅग्नुसन यांनी रिसर्पिन दिलेल्या सशांना आणि लहान जातीच्या उंदरांना सेरोटोनिनचा पूर्वपदार्थ दिला. प्राणी तसेच पडून राहिले. मग त्यांनी एल-डोपा दिले. सुमारे १५ मिनिटांत सशांचे कान उभे राहिले, डोळे उघडले आणि ते हालचाल करू लागले. मेंदूची रासायनिक तपासणी केली तेव्हा नॉरअॅड्रिनॅलिनही वाढलेले नव्हते. वाढले होते ते डोपामीन.

येथे वाचकांनी गुगेनहाइमचा ससा आठवावा. प्राणी तोच, संयुगही तेच. १९१३ मध्ये सशाला काही झाले नाही, १९५७ मध्ये ससा उठून बसला. फरक सशाच्या अवस्थेत होता. भरलेल्या माठात तांब्याभर पाणी ओतले तर ते सांडते, रिकाम्या माठात तेच पाणी दिसून येते. एखादे संयुग काय करते, हे त्या संयुगाच्या रेणूइतकेच ते कोणत्या शरीरात, कोणत्या अवस्थेत आणि किती मात्रेत जाते यावर ठरते.

हे सर्वांना लगेच पटले असे मात्र नाही. १९६० साली लंडनमध्ये भरलेल्या एका परिषदेत तेव्हाच्या नामवंत शास्त्रज्ञांनी कार्लसन यांच्या निष्कर्षांवर अविश्वास दाखवला. पण त्याच वर्षी व्हिएन्नात एरिंगर आणि हॉर्निकिविच यांनी कंपवाताने मरण पावलेल्या रुग्णांच्या मेंदूंत डोपामीन फारच कमी असल्याचे दाखवले. १९६१ मध्ये तेथेच रुग्णांना एल-डोपाची इंजेक्शने दिली गेली आणि अंथरुणाला खिळलेली काही माणसे थोडा वेळ चालली. १९६७ मध्ये अमेरिकेत जॉर्ज कोट्झियास यांनी तोंडाने घेण्याची मात्रा हळूहळू वाढवत नेण्याची रीत बसवली आणि उपचार व्यवहार्य झाला. कार्लसन यांना २००० साली वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. एल-डोपा कारखान्यात बनवण्यासाठी उपयोगी पडलेल्या रासायनिक पद्धतीबद्दल विल्यम नोल्स यांना २००१ साली रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला.

हालचाल मोजायची कशी?

'उंदीर सुस्त झाला', 'उंदीर हुशार झाला' अशा वर्णनावर विज्ञान चालत नाही. त्याला संख्या हवी. १९३४ साली कॅल्विन हॉल यांनी उंदरांसाठी मोकळ्या रिंगणाची चाचणी वापरली. अशा रिंगणाच्या तळावर चौकटी आखतात, उंदराला मध्ये सोडतात आणि ठरावीक वेळात त्याने किती चौकटी ओलांडल्या, किती वेळा मागच्या पायांवर उभा राहिला, हे मोजतात. पुढे हातांनी मोजण्याऐवजी प्रकाशझोत किती वेळा तुटला हे यंत्र मोजू लागले. ताठरपणासाठी आणखी सोपी चाचणी आहे. उंदराचे पुढचे पाय एका आडव्या दांडीवर ठेवायचे आणि तो किती सेकंदांनी ते खाली घेतो हे पाहायचे. निरोगी उंदीर लगेच पाय काढतो, रिसर्पिन दिलेला तसाच राहतो.

मात्र आकडा मिळाला म्हणजे अर्थ मिळाला असे नव्हे. उंदीर निशाचर आहे, दिवसा तो कमीच हिंडतो. नव्या जागी तो भीतीने थिजतो, तीच जागा परिचित झाली की वेगळा वागतो. सुई टोचण्यानेही त्याचे वागणे बदलते. म्हणून एका गटाला औषध आणि दुसऱ्याला नुसते मिठाचे पाणी, दोन्ही एकाच वेळी, एकाच पद्धतीने टोचावे लागते. मोजणाऱ्याला कोणता उंदीर कोणत्या गटातला हे ठाऊक नसलेलेच बरे.

१९७० च्या सुमारास स्टॉकहोममध्ये उर्बान उंगरस्टेट यांनी एक नामी चाचणी बसवली. उंदराच्या मेंदूच्या एकाच बाजूच्या डोपामीन पेशी एका रसायनाने नष्ट करायच्या. डोपामीनला वंचित झालेली ती बाजू मग अतिसंवेदनशील बनते. अशा उंदराला एल-डोपा दिले की तो इजा झालेल्या बाजूच्या विरुद्ध दिशेला गोल गोल फिरू लागतो. किती फेऱ्या झाल्या यावरून औषधाचा जोर कळतो.

या साऱ्याची किंमत प्राणी मोजतात, हे शिक्षकांनी विद्यार्थ्यांपासून लपवू नये. आपल्याकडे १९६० चा प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायदा आणि प्रयोगांसंबंधीचे १९९८ चे नियम यांनुसार असे प्रयोग नोंदणीकृत संस्थेत, समितीच्या परवानगीनेच करता येतात. पर्याय असेल तेथे प्राणी वापरू नयेत, वापरायचे तर कमीत कमी आणि कमीत कमी वेदना देऊन, ही त्यामागची भूमिका १९५९ साली रसेल आणि बर्च यांनी मांडली होती.

वेल पुन्हा दृश्यात

एल-डोपा हे कंपवाताचे औषध ठरल्यावर खाजकुइलीकडे पुन्हा लक्ष जाणे स्वाभाविक होते. आयुर्वेदात आत्मगुप्ता बल्य, वाजीकर आणि वातशामक मानली आहे. तेवढ्यावरून प्राचीन वैद्यांना डोपामीन ठाऊक होते असे म्हणणे चुकीचे. पण अनुभवाने जपलेल्या या वनस्पतीची आजच्या पद्धतीने परीक्षा घ्यावी, असे वाटायला तेवढे पुरेसे होते. १९७८ साली मुंबईतील रमा वैद्य आणि सहकाऱ्यांनी कंपवाताच्या २३ रुग्णांना या बियांची पूड दिल्याचे निष्कर्ष 'न्यूरॉलॉजी इंडिया'मध्ये प्रसिद्ध केले. पुढे झंडू कंपनीने बियांपासून एचपी-२०० हे चूर्ण तयार केले. १९९५ मध्ये ६० रुग्णांवरील १२ आठवड्यांच्या चाचणीचे निष्कर्ष आले आणि त्यांत रुग्णांच्या लक्षणांत सुधारणा दिसली. या चाचणीत तुलनेसाठी दुसरा गट मात्र नव्हता.

तुलना उंदरांवर झाली. १९९७ साली हुसेन आणि बाला मण्यम यांनी उंगरस्टेट यांच्या पद्धतीचे उंदीर वापरून खाजकुइली आणि कारखान्यात बनवलेले एल-डोपा यांची तुलना केली. दोन्हींत एल-डोपाची मात्रा सारखी ठेवूनही खाजकुइलीचा परिणाम दुपटी-तिपटीने अधिक आढळला. म्हणजे बियांत एल-डोपाशिवाय आणखी काहीतरी मदतनीस असावे. पुढे २००४ साली मण्यम यांच्याच गटाने निरोगी उंदरांना खाद्यातून ५२ आठवडे एचपी-२०० दिले. हालचालीशी संबंधित असलेल्या मेंदूच्या भागात डोपामीनमध्ये लक्षणीय बदल आढळला नाही. भरलेला माठ पुन्हा एकदा समोर आला.

माणसांवरचे नंतरचे प्रयोग दोन्ही बाजू दाखवतात. २००४ मध्ये लंडनमध्ये ८ रुग्णांत ३० ग्रॅम पुडीचा परिणाम सुमारे ३५ मिनिटांत सुरू झाला, नेहमीच्या गोळीला सुमारे ६९ मिनिटे लागली. पुडीचा परिणाम ३७ मिनिटे जास्त टिकला. हा एकेका मात्रेचा प्रयोग होता. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १६ आठवड्यांच्या प्रयोगात मात्र १४ पैकी ७ रुग्णांनी पूड मध्येच सोडली. काहींना पोटाचा त्रास झाला, काहींची हालचाल खालावत गेली.

गोळी की पूड?

आता मुख्याध्यापकांच्या पुडीकडे येऊ. गोळीत आणि पुडीत एल-डोपा आहे, हे त्यांनी ऐकले ते खरेच होते. पण त्यांच्या गोळीत आणखी एक पदार्थ होता, कार्बिडोपा. एल-डोपाचे डोपामीन मेंदूबाहेर, आतड्यात आणि रक्तातच होऊ लागले तर मळमळ होते आणि मेंदूपर्यंत थोडेच पोहोचते. गुगेनहाइमला झालेला त्रास हाच. कार्बिडोपा मेंदूबाहेरच्या विकराला अडवते, त्यामुळे एल-डोपाची गरज सुमारे पाव हिश्श्यावर येते. आता त्याच गोळीबरोबर पूड घेतली, तर पुडीतल्या एल-डोपालाही त्या कार्बिडोपाचे संरक्षण मिळते. एकटी घेतल्यावर सौम्य वाटली असती ती मात्रा गोळीसोबत जबर होते. त्यातून बियांतले एल-डोपाचे प्रमाण सारखे नसते, साधारण ३ ते ७ टक्क्यांपर्यंत बदलते. ५ ग्रॅम पुडीत १५० मिलिग्रॅम असेल की ३५० मिलिग्रॅम, हे चमच्याला कळत नाही. मान आणि खांद्यांची ती आपोआप होणारी वळवळ हे मात्रा जास्त झाल्याचे नेहमीचे लक्षण आहे.

हे सारे कागदावर काढून आम्ही त्यांना दाखवले. गोळी किंवा पूड यांपैकी काहीही आपल्या मनाने बंद करू नका, एल-डोपा एकाएकी थांबवणेही धोक्याचे असते, तेव्हा दोन्ही वस्तू घेऊन आपल्या न्यूरॉलॉजिस्टकडे आजच जा, अशी विनंती केली. त्यांनी आणखी एक गोष्ट केली, ती आम्हाला सुचली नव्हती. जुन्या हजेरीपटाच्या कोऱ्या पानावर त्यांनी आठवडाभराचा तक्ता आठवून लिहून काढला. किती वाजता काय घेतले, हात कधी सैल झाला, वळवळ कधी सुरू झाली. तो तक्ता पाहून डॉक्टरांनी पूड थांबवली आणि गोळ्यांच्या वेळा बदलून दिल्या, असे त्यांनी महिन्याभराने फोनवर कळवले. आवाजात समाधान होते. "आयुष्यभर मुलांच्या हजेऱ्या मांडल्या," ते म्हणाले, "स्वतःची पहिल्यांदाच मांडली."

शिक्षकांसाठी शेवटी दोन सूचना. खाजकुइलीच्या शेंगा किंवा बिया वर्गात प्रयोगासाठी आणू नयेत. वांगे किंवा बटाटा कापून ठेवला तरी काळवंडणाऱ्या पृष्ठभागावर विकर आणि ऑक्सिजन यांचा तसाच खेळ पाहता येतो. आणि हालचाल मोजण्याचा धडा द्यायचा असेल तर उंदीर लागत नाही. मोठ्या कागदावर चौकटी आखा, त्यावर एक मुंगी सोडा, दोन मिनिटांत ती किती चौकटी ओलांडते ते मोजा. एकदा सावलीत, एकदा कोवळ्या उन्हात. दहा मुलांनी दहा मुंग्या मोजल्या की आकडे जुळणार नाहीत. ते का जुळत नाहीत, यावर मुलांना वाद घालू द्या. मग मुंग्या जिथून आणल्या तिथे सोडून द्या.